फुटाणा खाल्ला असता तर

चणे-फुटाण्यांवर संसार चालवणारी बाई अख्ख्या भिलाईत एकच होती, अन् ती माझी बायको होती. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ताट पुढं घेऊन फुटाणे अन् शेंगदाणे मोजून राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी तिले नववीच्या पोरींना आयसोटोप शिकवायचे होते. फुटाणा म्हणजे प्रोटॉन, शेंगदाणा म्हणजे न्यूट्रॉन. पुड्या दोन. दोन्हीत फुटाणे सहा-सहा; शेंगदाणे एकीत सहा, दुसरीत आठ. दोन्ही कार्बनच, फक्त दुसरा जड.

मी सातवी नापास वेल्डर. ती लग्नानंतर शिकत शिकत मास्तरीण झाली अन् घराची प्रयोगशाळा करून टाकली. उतई गावात दिलेली माझी बहीण जेवायला बसली, तं तिले हायड्रोजनचे तीन भाऊ सांगितले: एकाच्या पोटात न्यूट्रॉनच नाही, दुसऱ्याच्या एक, तिसऱ्याच्या दोन. बहीण म्हणे, "वहिनी, माह्या पोटात तं अजून काहीच नाही, पोळी वाढ!" एकदा मी भुकेपोटी जडवाल्या कार्बनातला एक शेंगदाणा खाऊन टाकला. वाटलं, आता बोलणी बसतात. ही तं खुश! "कार्बन कार्बनच राहिला, चौदाचा तेरा झाला. फुटाणा खाल्ला असता तं नावच बदललं असतं, बोरॉन झाला असता!"

सांगून झालं की विचारायची, "समजलं का?" मी "हो" म्हणायचो. खोटं. जेवण लवकर मिळावं म्हणून. त्या संध्याकाळी तिनं माझ्याकडं जरा जास्तच पाहिलं. "खरंच समजलं? नाहीतं पहिल्यापासून सांगते."

"अवो, समजलं म्हटलं नं!"

तिनं पुड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गातच पडली. मी प्लांटातून दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी अग्नी दिला.

सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं, पण मले "समजलं का?" विचारणारं कोणी नव्हतं. बहीण म्हणे, "दादा, सुतक हाय, बाहेर नको जाऊ." मी सायकल काढली अन् शाळेत गेलो. तिच्या जोडीच्या विज्ञानाच्या बाई व्हरांड्यात भेटल्या.

मीच म्हटलं, "बाई, मले कधीच समजलं नव्हतं. शेंगदाणे वाढले तं वजन वाढते, मग वागणं कावून नाही बदलत? पहिल्यापासून सांगा."

त्यांनी डोळे पुसले. रिकाम्या वर्गात नेलं, खडू घेतला. मी पहिल्या बाकावर बसलो.