बांधावरची न्याहारी

"तुम्ही खा, मी जरा फिरून येतो."

हे वाक्य आमच्या एका सायकलवाल्याचं. रविवारी सकाळी आम्ही पाच जण पेणहून सायकली काढायचो, तो रोह्याहून यायचा. मग कुठेतरी नदीकाठी, नाहीतर खाडीच्या बांधावर सतरंजी पसरून न्याहारी व्हायची. डबे उघडले, पोह्यांचा वास सुटला, की हा उठलाच. हातात हातभर लांबीची लोखंडी सळई. आता तुम्हीच सांगा, गरम पोहे आणि खाडीवरचं कोवळं ऊन सोडून कोण शहाणा माणूस चिखलात सळई खुपसत हिंडेल?

मला पहिल्या दिवसापासून संशय होता. मी शाळेत गणित शिकवते. कॉपी करणाऱ्याची मान मला पाठीमागूनही ओळखू येते.

आम्ही सूर्याचे फोटो काढायचो, हा बांधाचे. भेटेल त्या शेतकऱ्याला विचारायचा, "बांध कुणाचा? राखतंय कोन आता?" मग खिशातली डायरी काढून काहीतरी टिपून ठेवायचा. काय लिहिता, असं विचारलं तर म्हणे, "काय नाय बाई, आपलं असंच." आमच्याकडे कोणी कुणाच्या जमिनीकडे असंच बघत नाही. टक लावून बघणारा एक तर शेतकरी असतो, नाहीतर दलाल. आणि हा तर धाटावला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, निदान तसं सांगायचा तरी.

परत आला की गार झालेले पोहे इतक्या चवीने खायचा की मला रागच यायचा. माझी जवळ्याची चटणी भाकरीला लावून म्हणायचा, "मीठ बेतात हाय, बाई. बरं हाय. एकदा जास्त झालं की काढता येत नाय." बोलणंही कसं गोड, मी मनात म्हणायचे. दलालाचंच.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही माझ्या मामाच्या बांधावर न्याहारी केली. मामाची दोन एकर शेती खाडीला लागून. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये तेवढा एक मातीचा बांध. मामीने तांदळाचे घावन पाठवले होते. आमचा हा नेहमीप्रमाणे सळई घेऊन निघाला आणि तासभर मामाशी बोलत बसला. मी घावन बाजूला ठेवून त्या दोघांकडेच बघत राहिले.

तीन दिवसांनी मामाचा फोन आला. "काय गो, तुझा तो सायकलवाला सांगून गेला, चिंबोऱ्यांनी बांध पोखरलाय म्हने. बिळं खोल हायत. चिखल भरून बुजवायला सांगतोय. मानसं लावू काय?"

मी म्हटलं, "मामा, खेकड्यांची बिळं कुठल्या बांधाला नसतात? त्याच्या नादी लागू नका. जमीन खराब आहे असं सांगून भाव पाडायचा, ही दलालांची जुनी रीत."

मामाने माणसं लावली नाहीत. भाची शिकलेली ना!

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथेच बसलो. तो तिवराच्या झुडपापाशी उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत चिखलात. मी सगळ्यांसमोर सुनावलं, "जमीन विकायची नाही आम्हाला. दलाली करायची तर दुसरीकडे जा."

त्याने चिखलातून हात बाहेर काढले. "दलाल वाटलो व्हय?" एवढंच म्हणाला. खाडीत हात धुतले, न उघडलेला डबा हँडलला अडकवला. निघताना मात्र थांबला. "तिवराजवळची बिळं तेवढी बुजवा, बाई. उधाणाच्या आधी."

त्यानंतर तो आला नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. आपण जमीन वाचवली म्हणून मी दोन-अडीच महिने ताठ मानेने फिरले.

श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला. तिवराजवळच. मी गेले तेव्हा पोटरीएवढं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं आणि मामी बांधावर डोक्याला हात लावून बसली होती. "आता तीन वर्सं तरी काय पिकायचं नाय गो," ती म्हणाली.

मामा बोलला तो फक्त त्या सायकलवाल्याविषयी. "त्याची पन जमीन अशीच गेली, त्या दिवशी बांधावर सांगत व्हता. मिठागरावरचं घर त्यांचं. एक बीळ राहिलं बुजवायचं, सगळी जमीन खारी झाली. म्हनून कंपनीत गेला."

"मग हे मला का नाही सांगितलं त्याने?"

"तू ऐकलं असतंस?"

त्याचा फोन लागेना. धाटावला गेटवर जाऊन आले. वॉचमन म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुठे गेला माहीत नाही. माफी मागायला गेले होते, ती तशीच घेऊन घरी आले. अजून आहे माझ्यापाशी.

आता रविवारी सतरंजी पसरली की मी उठते. हातभर सळई घेऊन बांधाच्या कडेने जाते, बीळ दिसलं की चिखल भरते. पाठीमागे पोहे गार होत असतात.

परवा एका गावच्या बांधावर एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन गो तू? जमीन बघायला आलीस?"

"नाय गो आजी. चिंबोऱ्यांची बिळं बुजवतेय."

तिने माझ्या सायकलकडे बघितलं, हातातल्या सळईकडे बघितलं. तिचा विश्वास बसला नाही. मी डबा आवरून रस्त्याला लागेपर्यंत ती तिथून हलली नाही.