मागे घेतो

आमच्या संसदेच्या कचेरीत आरेफिनभाईंना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. ‘माघारभाई’ म्हटलं की शिपायापासून सहसचिवापर्यंत सगळे बोट दाखवायचे: तिसरा मजला, लिफ्टच्या डाव्या हाताला, खिडकीजवळचं टेबल. नाव ठेवणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी ते हसून घेतलं. रागवायला हवं होतं, असं आता वाटतं.

नाव पडायला कारण होतं. गुरुवार हा आमच्याकडे मंत्री नसलेल्या खासदारांचा दिवस. चिठ्ठ्या टाकून पाच जणांचे प्रस्ताव काढतात. कोणाला नदीवर पूल हवा असतो, कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणाची डॉक्टर. खासदार उठतो, ‘संसदेचं मत असं आहे की’ अशी सुरुवात करून मागणी मांडतो. मंत्री उठतात, मागणी फार मोलाची आहे म्हणतात, सरकार विचार करतंय म्हणतात, आणि सन्माननीय सदस्यांनी प्रस्ताव मागे घ्यावा अशी विनंती करतात. खासदार पुन्हा उठतो आणि मागे घेतो. सभापती विचारतात, मागे घ्यायला सभागृहाची परवानगी आहे का? सगळे ‘होय’ म्हणतात. पूल जिथल्या तिथे, म्हणजे कुठेच नाही.

एखाद्याने मागे घेतलाच नाही तर? तर मतं घ्यावी लागतात. पण तशी वेळ कोण आणणार? पक्षाविरुद्ध मत दिलं की खासदारकी गेली, असं घटनेच्या सत्तराव्या कलमात लिहून ठेवलंय. त्यामुळे साडेतीनशे माणसं आत बसतात आणि मतं असतात दोन-तीन.

हे प्रस्ताव, आणि मंत्र्यांच्या भाषणानंतर खासदाराने वाचायचं उत्तराचं टिपण, दोन्ही लिहून द्यायचं काम आरेफिनभाईंचं. मंत्री काय बोलणार ते आधीच ठाऊक असल्यामुळे उत्तरही आधीच लिहिता यायचं. टिपणाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: ‘मंत्री महोदयांच्या आश्वासनाचा मान राखून मी माझा प्रस्ताव मागे घेतो.’ टंकयंत्राच्या दिवसांत ती त्यांच्या बोटांत होती. संगणक आला तशी त्यांनी ती साच्यातच बसवून टाकली. नवं टिपण उघडलं की वर सगळं कोरं आणि तळाला ही ओळ तयार.

एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं मिळून त्यांच्या गावी, किशोरगंजकडे निघालो होतो. घाटावर फेरीबोटीची वाट बघत तीन तास गेले. शिरीनभाबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि कांदा-मिरची काढली. आरेफिनभाई मला आपा, म्हणजे ताई म्हणायचे. नदीकडे बघत म्हणाले, “आपा, या पुलाचा प्रस्ताव चार वेळा आला. चारही वेळा मीच लिहिला.”

“आणि चारही वेळा मागे घेतलात,” भाबी म्हणाल्या. “आता मुडी तरी मागे घेऊ नका, खा.”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मुडी मुठीत तशीच धरून म्हणाले, “संसदेचं मत असं आहे की, असं मी हजार वेळा लिहिलं असेल. संसदेला मत आहे का, हे एकदा तरी विचारायला हवं होतं.”

हे त्यांच्या मनात तेव्हापासून होतं की आधीपासून, मला माहीत नाही. माणूस नाकासमोर चालणारा. कचेरीत कधी आवाज चढवला नाही, कधी रजेचा अर्ज परत आला तर दुसऱ्यांदा दिला नाही. अशा माणसाच्या पोटात काय शिजतंय हे शेजारच्यालाही कळत नाही.

मग सुनामगंजच्या पाणथळ मुलखातून गुलाम मौला तालुकदार निवडून आले. तीस वर्षं शाळेत हेडमास्तर होते. चालणं, बोलणं, छत्री, सगळं मास्तरी. त्यांच्या भागातली मोठमोठी तळी कोळ्यांकडून काढून ठेकेदारांना द्यायचा कायदा आला, आणि मास्तरांनी पक्षाबरोबर ‘होय’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आरेफिनभाईंच्या टेबलाशी येऊन बसले. मी तिथे कालच्या भाषणांचे कागद तपासत होते, कारण मी सभागृहातली लघुलेखक, बोललेला शब्दन् शब्द उतरवून घेणारी.

“आमच्याकडे बिल म्हणजे पाण्याचं तळं,” मास्तर म्हणाले. “इथे बिल म्हणजे कागद. या बिलाने ते बिल गिळलं, आणि गिळताना मी ‘होय’ म्हणत होतो. पोरांना मी शिकवायचो, उत्तर येत नसेल तर गप्प बसा, पण खोटं सांगू नका. आता गावात कोणत्या तोंडाने जाऊ?”

आरेफिनभाईंनी चहा मागवला, आलं घातलेला, बिनदुधाचा. मास्तरांचा पेला रिकामा होऊ दिला. मग हळूच म्हणाले, “सर, एक प्रस्ताव आहे. कोणी मांडत नाही.”

प्रस्ताव चार ओळींचा होता. सरकार टिकवायचा किंवा पाडायचा प्रश्न आणि अर्थसंकल्प सोडून बाकी सगळ्या बाबतींत खासदाराला आपल्या मनाप्रमाणे मत देता यावं, त्यासाठी घटनेत दुरुस्ती आणावी, असं संसदेचं मत आहे.

“हे पडेल,” मास्तर म्हणाले.

“पडू द्या ना. पडायलाच हवं. मागे घेतलेल्याची काही खूण राहत नाही, सर. पडलं तर लिहावं लागतं, सभागृहाने हे नाकारलं. उद्याच्या कोणाला तरी दिसेल की एकदा विचारलं होतं.”

“आणि माझी खासदारकी?”

“मागे न घेणं म्हणजे विरुद्ध मत देणं नव्हे. मी कलम तीनदा वाचलंय. आवाजी मतात कोणाचं तोंड उघडं, कोणाचं बंद, हे कोणी मोजत नाही.”

मास्तरांनी छत्री उचलली, परत ठेवली. “तिकीट मात्र जाईल.”

“ते जाईल,” आरेफिनभाई म्हणाले. खोटं त्यांना बोलता यायचं नाही.

“मग लिहा. मी मागे घेणार नाही. जबान दिली.”

दोन अधिवेशनं चिठ्ठी निघाली नाही. तिसऱ्यात निघाली, आणि आरेफिनभाईंच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. जिन्याने वर-खाली करायला लागले, लिफ्टसाठी थांबवेना. मला म्हणाले, “आपा, पस्तीस वर्षं ‘होय’ ऐकलं. एक ‘नाही’ ऐकून घरी जातो.” भाबींना सांगून ठेवलं होतं की गुरुवारी खिचडी आणि तळलेला हिलसा मासा करायचा.

उत्तराचं टिपण त्यांनी तीनदा लिहिलं. शेवटची प्रत मला दाखवली. ‘मंत्री महोदयांचा आदर ठेवून सांगतो, या प्रश्नावर सभागृहाने आज आपलं मन सांगावं,’ असं त्यात होतं. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले, एक वेलांटी बदलली, कागद परत दिला. कागद मी वरपासून खालपर्यंत वाचला, हे शपथेवर सांगते. तरी मला काही दिसलं नाही.

गुरुवारी मास्तर नवा पांढरा पंजाबी कुडता घालून आले. माझी पाळी नेमकी त्यांच्याच वेळची होती. आरेफिनभाई अधिकाऱ्यांच्या बाकावर कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर, वर्गात पहिल्या दिवशी बसतात तसे. मास्तरांनी प्रस्ताव मांडला, छान मांडला. मंत्री उठले, प्रस्ताव फार मोलाचा आहे म्हणाले, सरकार विचार करतंय म्हणाले, सन्माननीय सदस्य स्वतः शिक्षक आहेत, समंजस आहेत, त्यांनी तो मागे घ्यावा म्हणाले. बाकं वाजली.

मास्तर उत्तराला उठले. कागद दोन्ही हातांत धरून वाचत गेले. सभागृहाने आज आपलं मन सांगावं, इथपर्यंत आले. थांबले. माझी पेन्सिल थांबली. आरेफिनभाई बाकावर पुढे सरकलेले मला दिसले. मग मास्तरांनी तशाच संथ मास्तरी आवाजात पुढची ओळ वाचली:

“मंत्री महोदयांच्या आश्वासनाचा मान राखून मी माझा प्रस्ताव मागे घेतो.”

सभापतींनी परवानगी विचारली. ‘होय.’ सगळ्या बाजूंनी, दणदणीत. होय जिंकलं, होय जिंकलं, होय जिंकलं, असं तीनदा सांगून सभापतींनी पुढच्याला पुकारलं. पुढचा प्रस्ताव एका पुलाचा होता.

माझी पाळी संपल्यावर मी टेबलाशी गेले तर आरेफिनभाई आपल्याजवळची प्रत घेऊन बसले होते. कागद त्यांनी तळाशी दुमडला होता, एवढी एकच ओळ वर येईल असा.

“मीच लिहिलंय, आपा. साच्यात होतं. मी पुसलंच नाही.”

“मीही वाचलं होतं ना. मला तरी कुठे दिसलं?”

“तुमचं काम वेलांट्यांचं. माझं काम हे होतं.” कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, “त्या बिचाऱ्याने काय केलं? मास्तर माणूस, पुढ्यात लिहिलेलं वाचणार. मी त्याच्या तोंडात घातलं.”

“सभापतींना सांगू या. चूक झाली म्हणून.”

“बोललेला शब्द बोललेला. कारकुनाची चूक सभागृहाच्या वहीत दुरुस्त होत नाही.”

स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं मी पुष्कळ पाहिलंय. पण तो धोंडा पस्तीस वर्षं घासूनपुसून जपलेला पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी मला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. मास्तरांना एका शब्दाने कोणी दटावलं नव्हतं. पक्षाचा प्रतोद त्या दिवशी सभागृहातही नव्हता, कुठल्याशा लग्नाला गेला होता. यायची गरजच काय होती?

आरेफिनभाईंनी साठलेली सगळी रजा काढली आणि निवृत्तीच्या दिवशीच परत आले. मधे मास्तर एकदा तिसऱ्या मजल्यावर येऊन गेले, रिकामी खुर्ची बघून माघारी फिरले. निरोपाच्या चहाला कोणीतरी सवयीने ‘माघारभाई, दोन शब्द बोला’ म्हटलं. ते उठले, सगळ्यांकडे बघितलं आणि बसले. मास्तरांना पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाहीच. प्रस्ताव मांडला हेच पुरलं.

त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्या मिरपूरच्या घरी जात राहिले. माणूस चांगला होता, पण आतून खचला होता. जेवताना मधेच म्हणायचे, “मास्तरला मी फसवलं.” भाबी म्हणायच्या, “एक फोन करा आणि माफी मागून मोकळे व्हा.” ते म्हणायचे, “कोणत्या तोंडाने?” मीही जोर केला नाही. करायला हवा होता.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात ते गेले. दुपारच्या नमाजानंतर इमारतीसमोरच्या मैदानात जनाजा ठेवला. आम्ही बायका गॅलरीत. इमामांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “माणूस कसा होता?” खालून सगळे म्हणाले, “चांगला होता.” तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले. मी पस्तीस वर्षं लोकांचं ‘होय’ लिहून घेतलंय, मला आवाज कळतो. हे खरं होतं.

गर्दी पांगल्यावर मी खाली आले तर जिन्याशी मास्तर उभे. म्हातारे झालेले, छत्री तीच. मला ओळखून म्हणाले, “आपा, त्यांना माझा राग होता ना? मी आलो होतो. भेटले नाहीत.”

“तुमचा? तुमच्यावर कसला राग? ओळ त्यांनी चुकून ठेवली होती. साच्यातली. शेवटपर्यंत स्वतःला खात होते.”

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. “चुकून?”

“मग?”

त्यांनी छत्री कठड्याला टेकवली आणि पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. तेच टिपण. तळाच्या ओळीवर पेन्सिलीची रेघ ओढून नंतर पुसलेली दिसत होती. पुसली तरी कागदाला वण राहतोच.

“सकाळीच पाहिली होती मी. आधी खोडली. मग मनात आलं, आरेफिनभाई पस्तीस वर्षं इथले. त्यांच्यासारख्या माणसाने ही ओळ ठेवलीय म्हणजे वरून काहीतरी आलं असणार. माझं तिकीट वाचवायला त्यांनी स्वतःचं मन मारलं असणार. त्यांनीच माघार घेतली, तर मी कोण लागून गेलो? म्हणून खोडलेलं पुसलं.”

“अहो, विचारायचं ना! तीन मजले चढून यायचं आणि विचारायचं!” मी ओरडलेच. मयताच्या घरी ओरडू नये, पण ओरडले.

“निवडून आल्यापासून मला कोणी विचारलं नव्हतं, आपा, की तुम्हाला काय वाटतं,” मास्तर म्हणाले. “मीही विचारायचं विसरून गेलो होतो.” आणि ते तिथेच पायरीवर बसले. पांढऱ्या कपड्यांना धूळ लागत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

कागद घेऊन मी वर गेले. भाबी आतल्या खोलीत तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, पेन्सिलीच्या वणावरून बोट फिरवलं.

“म्हणजे मास्तरांनाही ही ओळ नको होती?”

“नव्हती हो.”

“आणि यांनाही नको होती.”

“नाही.”

भाबींनी कागदाची घडी घातली. मग मला विचारलं, अगदी साधेपणाने, चहात साखर घालू का विचारावं तसं:

“मग वाचली कोणी?”