बाबांच्या हातातले खारे दाणे

पांढुर्ण्यात माझ्या बाबांचं बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याच्या संत्र्याला काय झालंय ते बाबा सांगून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, आणि तीच पंचाईत आहे. कारण घरातही तेच चालतं. "बाबा, एक सांगायचं होतं," म्हटलं की "समजलं मला" हे उत्तर तयार. आवाज असा की दुकानात शिंकले तरी बसस्टँडवर कळतं.

मागच्या हिवाळ्यात मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांना अजिबात समजलेली नव्हती. नागपूरच्या एका मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं. पुढच्याच रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलगा चांगला होता, पण त्याच्या घरचे दर भेटीत विचारायचे, शाळा कधी सोडणार? मी सौंसरजवळच्या एका गावातल्या सरकारी शाळेत शिकवते. ती नोकरी मी परीक्षा देऊन मिळवली होती आणि मला ती सोडायची नव्हती. हे सांगायला मी दिवाळीपासून तोंड उघडत होते. बाबांना वाटायचं, पोरगी लाजून राहिली.

म्हणून मी एक युक्ती केली. जंगलाच्या कडेला टेंटमध्ये राहायची सोय आहे, तिथं आई, बाबा आणि मी असं तिघांचं बुकिंग केलं. तिथं रेंज नाही, गिऱ्हाईक नाही, पाहुणे नाहीत. एकदा तरी माझं वाक्य पूर्ण होईल, एवढीच आशा होती.

आशा वाटेतल्या जामसांवलीतच डळमळली. मारुतीच्या दर्शनाला उतरलो, तर बाबा प्रसादवाल्याला त्याच्या भावाच्या कपाशीबद्दल सल्ला देत बसले. जंगलात पोचल्यावर त्यांनी स्वयंपाक्याला गाठलं, मग शेजारच्या टेंटमधल्या कुटुंबाला. आई म्हणाली, "यायले कोणी भेटलं नाही तं झाडासंग बोलतीन." मी हसले.

सकाळी मात्र वेगळंच घडलं. ऊन नुकतं टेंटवर आलं होतं. बाबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खारे दाणे खात होते. जनावरांना काहीही द्यायचं नाही, अशी तिथल्या चौकीदाराची ताकीद होती. पण हे दाणे बाबांनी स्वतःसाठीच आणले होते आणि ते त्यांनी संपवलेही होते. एवढ्यात झुडपातून चितळाची एक मादी आली. मागे तिचं पाडस. ती लहानपणी पोरकी झाली म्हणून कॅम्पवाल्यांनीच वाढवलेली होती. आता कळपात राहायची, पण माणसाला भ्यायची नाही. ती सरळ बाबांपाशी आली, त्यांच्या मांडीवर मान टेकवून तळहातावरचं मीठ चाटू लागली. पाडस खुर्चीच्या सावलीत बाबांच्या पायाशीच बसलं.

चौकीदार लांबूनच हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, हलू नका. बोलू बी नका. पिल्लू आहे संग, बिचकली तं लाथ हाणते."

बाबांनी एकदा बोलायचा प्रयत्न केला. कुजबुज हा प्रकार देवानं त्यांच्या गळ्यात ठेवलेलाच नाही. नुसता घसा खाकरला तर हरणीचे कान ताठ झाले. बाबांनी तोंड मिटलं. त्यांचा एवढा मोठा पंजा तिच्या जिभेखाली उघडा, आणि चेहऱ्यावर शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोराचा भाव. आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं मला कोपरानं ढोसलं. तिला सगळं माहीत होतं.

मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात सुरुवात केली. म्हटलं, "बाबा, मला हे लग्न नाही करायचं." त्यांच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले, हरणीनं मान उचलली, ओठ पुन्हा मिटले. मी पुढे बोलत राहिले. शाळेचं सांगितलं. तिसरीतली पोरं आता कुठं धडा न अडखळता वाचू लागलीत, ते सांगितलं. त्या घरचे "नागपूरले आल्यावर काय गरज" म्हणाले तेव्हा मला किती परकं वाटलं, तेही. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही पाहुण्यांना सांगून बसलात, तुमचा शब्द जाईल, याची मला भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती रविवारची वाटते."

हरणी चाटतच होती. तिच्या पाठीवरचे पांढरे ठिपके मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. बाबा आधी तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघू लागले. मीठ संपलं तशी तिनं मान काढून घेतली, पाडस उठलं आणि दोघं गवतात चरत गेली.

आता बाबा बोलू शकत होते. पण ते ओला तळहात तसाच मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, "हे तू कधीपासून सांगून राहिली?"

"दिवाळीपासून."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी बी सांगून राहिली होती. तुम्हाले समजलं होतं ना."

बाबा उठले आणि टेकाडाकडे चालू लागले. फोनला रेंज फक्त तिथंच मिळते, हे स्वयंपाक्यानं त्यांना काल सांगितलं होतं. मी घाबरले. आईनं माझा हात धरून ठेवला.

त्या हरणीचे उपकार मी कसे फेडणार? तिला फक्त मीठ हवं होतं. पण सकाळच्या त्या थोड्या वेळात तिनं मला माझे बाबा दिले. आणि ज्या आवाजाला मी लहानपणापासून लाजत आले, तो टेकाडावरून सगळ्या रानाला ऐकू आला तेव्हा गवतातल्या चितळांनी माना वर केल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाही जी, रविवारचं साक्षगंध नाही होत. पोराची काही चूक नाही. पोरीचं मन नाही. समजावू? नाही जी, मी नाही समजावणार. मी तिचं ऐकलं. पुरं ऐकलं."