फळ्यावरचे तीस दिवस

"नोटीस घरी पाठवता का?" मी पुण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनांना विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा विचारावं लागलं.

"घरी नाही. बाहेर फळ्यावर लागते. तीस दिवसांत कुणाची हरकत आली नाही, तर तीन साक्षीदार घेऊन या."

नोटिशीवर आमचे फोटो, नावं, वयं, पत्ते. दोघांचाही पत्ता चांदे गावचाच, कारण मी ज्याच्याशी लग्न करणार होते, तो आमच्याच घराच्या एका खोलीत भाड्यानं राहायचा. लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला. जात वेगळी. वडिलांना कळलं असतं तर त्याची खोली त्याच दिवशी रिकामी झाली असती आणि पिरंगुटच्या कारखान्यातली माझी नोकरीही सुटली असती. त्यापुढचं मी मनात येऊ देत नव्हते.

वय कमी असेल, आधीचं लग्न असेल, अशाच कारणांवरून हरकत घेता येते, हे त्यानं मला दहादा समजावलं. पण मला हरकतीची भीती नव्हतीच. कुणीतरी ते वाचेल, याची होती. वडील फोनवर हळू बोलायला लागले की मी ताट तसंच ठेवून दाराशी जाऊन ऐकायचे.

अठराव्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "आज पुण्याला जायचंय. तुज्या आत्याची सही घ्यायचीय, हक्कसोडाची." जमिनीतला हिस्सा सोडल्याचा तो कागद त्याच इमारतीत नोंदवायचा होता, आमच्या फळ्याशेजारच्या दारात.

मी कामावर गेले. त्याला कळवलं, आज खोलीवर जाऊ नकोस. दिवसभर फोन पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी पिरंगुटच्या स्टॉपवर आत्या उभी दिसली.

"तुजा बाप औषधाच्या दुकानात गेलाय," ती म्हणाली. "फोटू बगितला मी तुजा."

मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"लई गर्दी हुती. नंबर येईस्तवर मी फळ्याला पाठ लावून उभी ऱ्हायले. त्यो म्हनला, बाकड्यावर बस की. म्हनलं, गुडघं धरल्यात, बसले की उठाया येत न्हाई."

"सही केलीस?" मी विचारलं.

"केली. माजी हरकत हाय का, आसं कुनी इचारलं न्हाई." मग माझ्या जवळ सरकून म्हणाली, "साक्षीदार किती हायेत?"

"दोनच."

वडील दुकानातून बाहेर येताना दिसले, तशी तिनं तोंड रस्त्याकडे वळवलं.

लग्नाच्या दिवशी ती कासार आंबोलीहून एकटीच बसनं आली. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. अधिकाऱ्यासमोर आम्ही दोघांनी नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याची वाक्यं म्हटली, तेव्हा माझी जीभ दोनदा अडखळली. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी आत्यानं सही केली. कागदाकडे कमी आणि दाराकडेच जास्त बघत होती. तिलाही भीती वाटत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच दुपारी तिनं वडिलांना फोन करून स्वतःच सांगितलं. आज दोन वर्षं झाली, ते आम्हा दोघींशीही बोलत नाहीत.