घेवडेखाऊंचं घराणं

हॉलमधल्या खुर्च्या एकात एक रचून ठेवतात ना, तसं किश्श्यांचं होतं. एक काढायला जावं तर दुसरी तिला धरूनच येते. टोरोंटोत मुलाकडे आल्यावर मी घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये खुर्च्या मांडायचं आणि चहा करायचं काम धरलं होतं. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलेलं नाही, इंग्लिश जेमतेम. पण खुर्च्या मांडायला बोलावं लागत नाही. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. तिथे दर शनिवारी आफ्रिकेतल्या माली देशाचे दोन वादक रियाजाला यायचे, केमो आणि सिदी. त्यांचेच हे किस्से.

*

केमो किडकिडीत, माझ्याच वयाचा. वाजवायचा कोरा. अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणलेलं, एकवीस तारांचं वाद्य. त्याच्या देशात तो केवढा मोठा माणूस आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपल्यासारखाच मुलाकडे आलेला असेल.

एकदा त्याच्यासाठी टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर त्याच्याच देशाचा निघाला. केमोला पाहून तो उतरला आणि बर्फात हात जोडून उभाच राहिला. गाडीत कॅसेट चालू होती, तीही केमोचीच. केमो मागे बसला, जरा ऐकलं आणि म्हणाला, "बंद कर बाबा. सकाळपासून तेच वाजवून आलोय."

*

हिवाळ्यात हीटरनं कोराचं कातडं सुकतं आणि बाहेरच्या थंडीनं ते आखडतं. म्हणून केमो आपला जाड कोट कोराला घालायचा आणि स्वतः पातळ जॅकेटमध्ये कुडकुडत बसस्टॉपवर उभा राहायचा. आजारी पडशील, असं मी त्याला खुणेनंच सांगितलं.

"मी आजारी पडलो तर बरा होईन," तो म्हणाला. "हा तडकला तर बरा होत नाही."

*

केमोचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाडवडलांची नावं गाणाऱ्यांचं. त्यामुळे कुणीही भेटलं की हा आधी वडलांचं नाव विचारणार. आग लागलीच तर बाहेर पडायला म्हणून जे दार मोकळं ठेवायचं असतं, त्याच्यापुढे एकदा सिदीचे ढोल ठेवलेले होते आणि नेमका तपासणीवाला आला. केमोनं त्याचं, त्याच्या बापाचं, आज्याचं नाव विचारून घेतलं आणि गायला लागला. तो माणूस टोपी काढून ऐकत राहिला. आज्याचं नाव असं कुणी गायल्याचं त्यानं कधी ऐकलं नसावं. गाणं संपलं तसं त्यानं डोळे पुसले.

मग हळू आवाजात नोटीस दिली.

*

सिदी ढोल वाजवायचा. अंगानं दांडगा, आठवडाभर गोदामात काम करायचा. पहिल्याच शनिवारी तो दारातून आत आला आणि केमो त्याच्यावर ओरडला, "घेवडेखाऊ आला! खिडक्या उघडा!" सिदी म्हणाला, घेवड्याचं पोतं तर तुझ्याच खाटेखाली असतं. मला वाटलं, आता मारामारी. मी चहाचा ट्रे घेऊन मध्ये घुसलो.

दोघंही पोट धरून हसले. मग सिदीनं साध्या इंग्लिशमध्ये, हातवारे करत समजावलं, त्यांच्याकडे काही आडनावांची दुसऱ्या काही आडनावांशी थट्टेची सोयरीक असते. भेटलं की टर उडवायची, समोरच्यानं रागवायचं नाही. आणि थट्टेच्या सोयऱ्यानं काही पुढ्यात ठेवलं तर नाही म्हणायचं नाही.

*

पाहुण्याला ते आपलं आडनाव देतात. केमोनं मलाही त्याचं आडनाव दिलं. मी हात जोडले. बरं वाटलं होतं. तेवढ्यात सिदी मागून म्हणाला, "चला, अजून एक घेवडेखाऊ वाढला."

आता मी कोरेगावकडचा. आमचं अख्खं रान वाघ्या घेवड्याचं. मी नाही कसं म्हणणार?

*

उन्हाळ्यातल्या मोठ्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं. त्यावर केमोचा फोटो, केमोचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. दोघं मिळून वाजवत होते त्याला वीस-बावीस वर्षं झालेली. सिदीनं पोस्टर वाचलं. पुढच्या शनिवारी आला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस्टर केमो."

केमो म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस्टर सिदी."

थट्टा बंद, म्हणजे भांडण खरं. तीन शनिवार असंच चाललं. प्लीज, थँक यू, सॉरी. वाजवणंही तसंच, एकमेकांना वाट देत देत. चौथ्या शनिवारी सिदी मला म्हणाला की कार्यक्रमाला दुसरा ढोलवाला बघा. केमोनं ऐकलं, आणि कोराच्या खुंट्या उगाच पिळत बसला.

*

सुनेनं गावाहून वाघ्या घेवडा आणला होता. मी तिला म्हटलं, "पोरी, जरा तिखट उसळ कर." पुढच्या शनिवारी डबा नेला, सिदीपुढे उघडला आणि मला येत होतं तेवढ्या इंग्लिशमध्ये म्हणालो, "घेवडेखाऊ, खा."

सिदी माझ्याकडे बघत राहिला. आता केमोच्या आडनावानं मी पडलो थट्टेचा सोयरा, रागावता तर येईना. त्यानं चमचा उचलला. चार घास झाले, डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं आलं असेल. मग मान वर न करता मला म्हणाला, "त्या मिस्टरला विचार, हवंय का."

"विचारतोस काय?" केमो कोपऱ्यातून म्हणाला. "तुझ्यासमोर ठेवलेला घेवडा कधी उरलाय?"

सिदीनं डबा त्याच्याकडे सरकवला.

*

कार्यक्रमाला मुलगा, सून, नात सगळे आले होते. पहिल्या रांगेत. उरलेली अर्धी रांग त्यांच्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांची, आणि मी कडेला चहाच्या टेबलापाशी. मध्यावर केमोनं गाणं थांबवून सिदीचं नाव गायला घेतलं. त्याचा बाप, आजा, पणजा, आणि सगळे कसे घेवड्यावर पोसलेले. हॉलमधली माली देशाची माणसं हसून हसून खुर्च्यांवरून पडायला आली. सिदी ढोल ठेवून उठला, माइक ओढला, थेट माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि आबा! सगळ्यात मोठा घेवडेखाऊ!"

हॉल माझ्याकडे वळून हसायला लागला. मुलाचं तोंड उतरलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आबा, हा माणूस तुम्हाला शिव्या देतोय का?"

मी म्हटलं, "आपल्या घराण्याचं नाव घेतोय. टाळ्या वाजव."