तळहातावर थांबलेला थेंब

फोन आला तेव्हा मी क्लासमधल्या तानपुऱ्यावर खोळ चढवत होते. सवयीनं फोन डाव्या कानाला लावला. पलीकडे मृणाल होती, माझ्या मावसभावाची, श्रीकांतची, म्हणजे आमच्या शिरूची बायको. ती म्हणाली, "ताई, श्रीकांत गेला. सुबह चाय मांगी त्याने, आणि मी घेऊन येईपर्यंत..." पुढचं तिला बोलवलं नाही आणि मलाही ऐकवलं नसतं. त्याचं हृदय थकत चाललंय हे आम्हा सगळ्यांना वर्षभर माहीत होतं, तरी बातमी आली की ते माहीत असणं काही कामाला येत नाही. त्यालाही आता काही आठवडे झाले. शिरूबद्दल तू लिही, असं घरचे मागे लागले, कारण तो नेमकं काय करत होता हे नातेवाइकांत कुणालाच धड सांगता यायचं नाही. आमच्या एका काकूंची तर शेवटपर्यंत खात्री होती की तो बहिऱ्यांची यंत्रं विकतो.

शिरू माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आधी पोलोग्राउंडमधल्या एका छोट्या औषधाच्या कारखान्यात होता, पुढे फार्मसी शिकवायला लागला आणि तिथल्या प्रयोगशाळेत कानाच्या नादी लागला तो लागलाच. त्याचं सगळं काम आतल्या कानासाठी होतं. तिथं पोटातून घेतलेलं औषध नीट पोचत नाही, म्हणून डॉक्टर कानाच्या पडद्यातून सुई घालून मधल्या कानात औषध सोडतात. तिथं एक इवलीशी खिडकी असते, तिच्यातून ते आत झिरपावं अशी अपेक्षा. पण पाण्यासारखं औषध थांबतंय कुठं? थोड्याच वेळात कानातून घशाकडे जाणाऱ्या नळीवाटे खाली उतरून जातं. शिरूला ते थांबवायचं होतं. त्यासाठी तो एक हायड्रोजेल तयार करत होता. थंड असताना ते पाण्यासारखं पातळ असायचं, म्हणजे बारीक सुईतून सहज जाणारं, आणि शरीराची ऊब लागली की जागच्या जागी घट्ट व्हायचं. मग त्यात घातलेलं औषध त्या खिडकीशी बसून दिवसेंदिवस हळूहळू आत झिरपत राहील, असा सगळा हिशेब. हे तो आम्हाला तोंडानं कधी समजावत नसे. दिवाळीला घरी आला की फराळाच्या ताटाशेजारी छोटी बाटली ठेवायचा आणि म्हणायचा, "हात पुढे कर." त्या बाटलीत औषध नसायचं, नुसतं कोरं जेल. तळहातावर गार थेंब पडायचा, जरा पसरायचा, आणि बघता बघता थांबायचा. हात उलटा केला तरी पडत नसे. घरातली मुलं रांग लावायची आणि शिरू पेढे वाटावेत तसे थेंब वाटत बसायचा.

त्याच्या खांद्यावर कायम लटकणारा निळा थर्मासही त्याच जेलची देणगी. एकदा बाहेरगावचे काही मोठे तज्ज्ञ त्याचं काम बघायला यायचे होते, कृष्णपुऱ्याजवळच्या एका सभागृहात. ऐन मे महिना. सगळी तयारी चोख, कागद चोख, आणि ह्या पठ्ठ्यानं बाटली हरवू नये म्हणून ठेवली कुठं, तर शर्टाच्या खिशात, छातीशी! ऊब लागली की घट्ट होणारी वस्तू आयुष्यभर अभ्यासलेला माणूस. व्यासपीठावर सुई लावली तर आत एक थेंब येईना. तज्ज्ञ घड्याळं बघताहेत आणि आमचे संशोधक बाहेर धावताहेत. समोरच्या गोलेवाल्याच्या गाडीवर जाऊन त्यानं बाटली किसलेल्या बर्फात खुपसली. गोलेवाल्यानं विचारलं, "भिया, इसमें कौन सा शरबत डालूं?" बाटली गार झाली, जेल पुन्हा पातळ झालं आणि प्रात्यक्षिकही पार पडलं. पण तेव्हापासून बर्फानं भरलेला थर्मास त्याच्या खांद्यावरून कधी उतरला नाही. लग्नकार्यातही तो घेऊनच यायचा आणि वऱ्हाडी त्याच्याकडे प्यायला पाणी मागायचे.

मग माझा कान गेला. एका सकाळी उठले तर उजव्या बाजूला जग बंद. स्नेहलतागंजमध्ये दोन खोल्यांत मी गाण्याचा क्लास चालवते, तेच माझं पोट आणि तोच माझा जीव. त्या दिवशी तानपुरा जुळवायला बसले आणि हात थांबला. एकच तार छेडली होती, पण डाव्या कानात एक सूर येत होता आणि उजव्यात, जे काही थोडं पोचत होतं, ते त्याच्याहून वेगळं, बेसूर. एका षड्जाचे दोन षड्ज. मला इतकी भीती आजवर कशाचीच वाटलेली नाही. पहिला फोन मी शिरूला केला. तो लगेच आला, मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पडद्यातून स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यायची ठरली, तेही लगेच, कारण अशा कानाला थांबायला वेळ नसतो. बाहेर बाकावर बसलो असताना त्याच्या खांद्यावरच्या थर्मासकडे माझं लक्ष गेलं. प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात ह्याच्याकडे औषधाचं जेल आहे, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "तुझ्याकडे आहे ना ते? मग मला दे."

त्यानं थर्मास पाठीमागे सारला. मग म्हणाला, "ताई, ते अजून गिनीपिगच्या कानापलीकडे गेलेलं नाही."

"मग मी पहिली. माझी ना नाही."

"माझी आहे ना. जे थोडं उरलंय तेही त्याने गेलं, तर? समझ ना, ताई. तू दुसरी कोणी असतीस तरी मी नाहीच म्हटलं असतं, आणि तू आहेस म्हणून तर बिलकुल नाही."

मी रागानं तोंड फिरवलं. वर्षानुवर्षं ज्या कानासाठी हा माणूस झिजला, तो कान घरातच बिघडला आणि हा हात बांधून बसला, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तो राग पुरता गेला असं मी आजही म्हणणार नाही. त्याचं बरोबर होतं हे मला कळतं, पण माझ्या कानाला ते कळत नाही.

इंजेक्शनं झाली. सुईनंतर आजारी कान वर करून अर्धा तास कुशीवर निपचित पडायचं, बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे गिळायचं नाही, कारण गिळलं की औषध घशाकडे निघतं. तिथला कंपाउंडर दर वेळी बजावायचा, "मॅडमजी, निगलना नहीं है." गिळू नका म्हटलं की तोंडात कुठून एवढं पाणी येतं कोण जाणे. शिरू दर वेळी समोर स्टूल घेऊन बसायचा आणि बोलायला लागायचा. गंमत अशी की माझा चांगला, डावा कान उशीत दाबलेला असायचा आणि वरच्या कानात औषध. मला अक्षरही कळत नसे. नुसते त्याचे ओठ हलताना दिसायचे, मध्येच तो हातवारे करायचा, थांबायचा, चष्मा पुसायचा, पुन्हा बोलायचा. त्याच्याकडे बघता बघता मी गिळायचं विसरायचे. उठल्यावर विचारलं की म्हणायचा, "काही नाही, पाढे म्हणत होतो." कान थोडा परत आला. आवाज येतो, सूर येत नाही. मी डाव्या कानावर तानपुरा जुळवायला शिकले, आणि त्यानंतर शिरू आमच्याकडे आला की न सांगता माझ्या डाव्या हाताला बसू लागला. पुढे एकदा मी त्याला विचारलं होतं, तुझं जेल मिळालं असतं तर सूर परत आला असता का? "माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "हेच तर मला अजून माहीत नाही." तो कुठलंही उत्तर देऊन माझी समजूत काढू शकला असता... पण त्यानं ती काढली नाही.

शेवटचं भेटले ते ह्या हिवाळ्यात, त्याच्या घरी. शाल पांघरून आरामखुर्चीत बसला होता. काम अजून माणसांच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं, पुढचं आता त्याचे विद्यार्थी बघताहेत, हे त्यानं तक्रार न करता सांगितलं. मृणाल चहा करायला आत गेली तेव्हा त्यानं थर्मास उघडला, बाटली काढली आणि स्वतःच्या तळहातावर थेंब टाकला. थेंब थांबलाच नाही. त्याच्या गार हातावरून ओघळला आणि शालीत जिरला. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "हात पुढे कर." माझ्या तळहातावर थेंब पडला, पसरला आणि थांबला. "तुझ्यावर चाललं बघ," तो म्हणाला आणि बाटलीला बूच लावून ती माझ्या हातात दिली. मला रडू येत होतं, म्हणून मी भलतंच विचारलं, की तेव्हा स्टुलावर बसून काय बोलायचास रे, पाढे तर नक्कीच नव्हते.

"सगळं सांगायचो तुला," तो म्हणाला. "का नाही दिलं ते. किती वेळा लॅबचा फ्रिज उघडून बाटली काढली, परत ठेवली ते. माफी पण मागायचो. तुला सुनाई नाही देत होतं ना, म्हणून तर बोलू शकलो."

त्यानं हातात दिलेली ती कोऱ्या जेलची बाटली आता माझ्या फ्रिजच्या दारात आहे. थर्मास मृणालनं विद्यार्थ्यांकडे दिला, तेच योग्य. माझ्या घरी डाव्या हाताची खुर्ची अजून कुणी सरकवलेली नाही. दुपारी क्लासच्या आधी थोडा वेळ मी आडवी होते, उजवा कान वर आणि डावा उशीत दाबून. तळहातावर एक थेंब घेते. तो थांबतो. मग घर अगदी निःशब्द होतं. तेव्हाही असंच होतं, मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तो समोर बसून बोलत होता. म्हणून मी हलत नाही आणि गिळतही नाही.