कबुतरांची सीडी

आमच्या सारसोळेत कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय. त्यावर घरोघरी एकच औषध: जुनी सीडी दोऱ्याने गॅलरीत टांगायची. ती चकाकली की कबुतरं बिचकतात म्हणे. डोंबल! आमची तर त्या सीडीखालीच बसून घुमायची. तरी आईने दोन वर्षं ती उतरवली नाही, आणि मीही कधी त्या सीडीकडे नीट पाहिलं नाही. त्याचा मला अजून राग येतो, माझाच.

दादा, माझा थोरला भाऊ, गेला त्यालाही दोन वर्षं झाली. जासईला कंटेनर यार्डात कामाला होता. बाइकवरून घरी येताना ट्रेलरने उडवलं.

त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर गाव वसवायचा एक गेम होता. शाळेपासून पार नोकरी लागेपर्यंत, रविवार-रविवार बसून त्याने त्यात जुनं सारसोळे उभं केलं होतं. खाडी, जेट्टी, विहीर, बिल्डिंग व्हायच्या आधीचं आमचं कौलारू घर. "आये, इकडं ये, बघ तरी!" तो ओरडायचा. आणि आई ओट्यापासून, "नंतर बघते रं. म्हावरं साफ करतेय, मांजर नेईल." ते नंतर कधी आलंच नाही.

परवा-परवा एका दुपारी ती स्वतःहून म्हणाली, "बाय, त्याचं गाव दाखव ना मला."

दादाच्या सीड्या ठेवायच्या पाकिटातली एक सीडी मी घातली. तिच्यावर मार्करने लिहिलेलं, 'हात लावू नकोस'. ते माझ्यासाठीच होतं, लहानपणी मी भारी उचापती करायचे. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर आलं: मूळ सीडी घाला. दुसरी घातली, तिसरी घातली. तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या कॉप्या होत्या. अशा गेमच्या मूळ सीडीत मुद्दाम एक खोट ठेवलेली असायची आणि कॉपी करताना ती उतरायची नाही. गेम सुरू होताना आधी ती खोट शोधतो. सापडली नाही तर उघडत नाही.

"आये, गेमचं चित्र छापलेली सीडी कुठाय?"

ती गॅलरीकडे बघायला लागली. "ज्याच्यावर त्याचं अक्षर हाय, त्या जपून ठेवल्या. त्या चित्रवालीवर काय लिवलेलं नव्हतं. मला वाटलं कोनाची पन असंल."

मी ओरडणारच होते. पण पोराचं अक्षर जपणाऱ्या बाईवर कुठल्या तोंडाने ओरडायचं?

सीडी उतरवली. उन्हाने चित्र उडालेलं, वर कबुतरांची घाण, आणि मधल्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर. जुईनगरच्या रिपेअरवाल्याने ती पाहूनच हात वर केले. "मॅडम, ही फिरली की फुटणार. एकदा चालली तरी नशीब समजा." नेट पालथं घातलं. दुसरी सीडी कुठे मिळेना, सीडीशिवाय उघडायचा एकही उपाय चालेना. आठ दिवस ती कपाटात होती.

शेवटी आईच म्हणाली, "घाल ती. ठेवून काय तिचं लोनचं घालतेस?"

घातली. ड्राइव्हचा आवाज चढत गेला, टेबल थरथरायला लागलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर खाडी आली. जेट्टी आली. आमचं घर आलं. तेवढ्यात आत फाडकन आवाज झाला आणि तुकडे खुळखुळले.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर गाव तसंच होतं. बारकी-बारकी माणसं जेट्टीवर चालत होती. खोट तपासून झाली होती, आता गेमला सीडीची गरज नव्हती. पण एकदा का तो बंद झाला, की परत कधीच उघडणार नव्हता.

मोबाइलवर फोटो काढले, व्हिडिओ काढला. पण फोटोत गल्लीत शिरता येत नाही, आणि आईला गल्लीन्‌गल्ली फिरायची होती. "विहिरीपाशी ने. आता आपल्या दारात." मी माउस फिरवत होते.

बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. दुरुस्तीसाठी चार वाजता लाइट जाणार. घड्याळात सव्वातीन झाले होते. मी मोबाइल पालथा ठेवला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"आये, मांजर! म्हावरं नेलं!"

तिने मानसुद्धा वळवली नाही.

"नेऊ दे," ती म्हणाली. "नंतर बघते."